वाहून गेलेल्या चेरींचे प्रकरण

(लश्कर, ग्वाल्हेर, सोसायटीचा मराठी ग्रुप, २२ डिसेंबर)

माई, ए-१०४
सर्वांना नमस्कार. काल रात्री सी-४०२ यांनी ताटाचे जे छायाचित्र टाकले आणि त्याखाली “हे बिस्किट की धिरडे” असे जे लिहिले, त्याबद्दल मला चार शब्द लिहिणे भाग आहे. बिस्किटे पसरली हे मी नाकारत नाही. परंतु २५ तारखेच्या मेळाव्यासाठी ४० मुलांना प्रत्येकी तीन याप्रमाणे १२० बिस्किटे करण्याचे काम मी मागून घेतलेले नव्हते. गेल्या वर्षी केकवरून जे झाले ते पुन्हा होऊ नये म्हणून सभेत माझे नाव पुढे केले गेले आणि मी भिडेपोटी होकार दिला. नमुन्याच्या पहिल्याच घाण्याची अशी जाहीर थट्टा होणार असेल, तर उरलेले साहित्य मी आजच सचिवांकडे परत पाठवीत आहे.

सचिव, बी-२०२
आदरणीय माई, आपली नाराजी पोहोचली. साहित्य कृपया परत पाठवू नये, कारण ते ठेवण्यास कार्यालयात जागा नाही आणि मागे मांजराने काय केले ते आपण सर्व जाणताच.

काका, बी-१०५
माझा एक साधा प्रश्न आहे. या बिस्किटांत अंडे घातले आहे की नाही, याचे स्पष्ट उत्तर द्यावे.

दादा, सी-४०२
माई, क्षमा असावी. आमच्या घरी धिरडे हा स्तुतीचाच शब्द आहे. मला आश्चर्य इतकेच वाटले की सगळी बिस्किटे मिळून एक झाली होती आणि चेरी मात्र एका कोपऱ्यात जमून सभा घेत होत्या.

ताई, सी-३०१
मला कोणी विचारले नव्हते म्हणून मी आजवर गप्प होते. (वर्षभर मी ऑर्डरची बिस्किटे करते, हे बहुधा विस्मरणात गेले असावे.) माईंचे प्रमाण अगदी बरोबर आहे: ५०० ग्रॅम साखर, १ किलो बटर आणि दीड किलो मैदा, म्हणजे वजनाने एकास दोनास तीन. या ३ किलो पिठात २५ ग्रॅमची १२० बिस्किटे बसतात, आणि या प्रकाराला अंडे लागतच नाही. पसरण्याचे कारण मला वेगळेच दिसते. बटर नुसते मऊ झालेले असले की साखरेबरोबर फेसताना ते हवा धरून ठेवते. ते एकदा वितळले की हवा धरत नाही, आणि ओव्हनमध्ये मैदा आवळून येण्याच्या आतच ते वाहू लागते. ताटाच्या कडेला पिवळा ओघळ दिसतो आहे, तो त्याचाच आहे. माई, बटर मऊ करण्यासाठी कुठे ठेवले होते?

माई, ए-१०४
मी ठेवले नव्हते. ते मऊ करून माझ्याकडे आले होते, इतकेच सांगते.

काका, बी-१०५
माझा एक साधा प्रश्न आहे. या बिस्किटांत अंडे घातले आहे की नाही, याचे स्पष्ट उत्तर द्यावे. (पुन्हा पाठवीत आहे.)

नाना, ए-२०१
मंडळी, वाद जुना आहे. युरोपात नाताळापूर्वीचे दिवस उपवासाचे मानले जात आणि त्या काळात लोणी वर्ज्य असे, त्यामुळे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे भटारी नाताळचा पाव तेलात मळीत आणि तो कोणाला आवडत नसे. तिथल्या राजघराण्याने थेट पोपकडे अर्ज केला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस आठव्या इनोसंट पोपने लोणी वापरण्याची लेखी परवानगी दिली. ते पत्र लोण्याचे पत्र म्हणूनच ओळखले जाते. तिकडे लोण्यासाठी पोप लागला, आपल्याकडे अंड्यासाठी बी-१०५ पुरेसे आहेत.

काका, बी-१०५
नाना, विनोद समजला. उत्तर मिळाले नाही.

ताई, सी-३०१
काका, उत्तर वरच्या संदेशात आहे. अंडे नाही. आणि नाना, आपण लोणी लिहिता त्यावरून कोणी घरचे पांढरे लोणी आणू नये. ताकातून काढलेल्या लोण्यात किती पाणी राहिले आहे हे ठरत नाही. विकतच्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि फार तर १६ टक्के पाणी असते, म्हणून प्रमाण पाळता येते. तेही खारवलेले असल्याने वेगळे मीठ घालू नये.

नाना, ए-२०१
मग सरळ तूप का नको? आमच्या लहानपणी थंडी पडली की मैदा, तूप आणि साखर डब्यात घालून लश्करच्या भट्टीवर नेऊन द्यायची आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून बिस्किटे घरी आणायची, असा रिवाज होता. भट्टीवाल्याने आपले तूप बदलू नये म्हणून मला तिथे बसवून ठेवीत, आणि राखणीचे वेतन म्हणून दोन गरम बिस्किटे मिळत. ती कधी पसरली नाहीत.

ताई, सी-३०१
ती खताई, म्हणजे नानकटाई झाली, नाना. तुपात पाणी नसते, त्यामुळे ती भुसभुशीत होते आणि चेरी दाबली की चिरते. मुलांना वर लाल फळ हवे आहे.

वहिनी, ए-३०३
मला आता लिहायलाच हवे. बटर माझ्याकडे होते. शनिवारी ते इतके कडक होते की सुरी शिरत नव्हती, आणि माईंनी दुपारी चारपर्यंत मऊ करून मागितले होते, म्हणून मी दोन्ही पुडे रूम हीटरसमोर ठेवले आणि मुलाला शिकवणीला सोडायला गेले. परत आले तेव्हा एक पुडा पूर्ण पातळ झाला होता. मी तो पुन्हा थंड करून घट्ट केला आणि काही झालेच नाही असे समजून देऊन टाकला. माई, मला त्याच दिवशी सांगायला हवे होते.

दादा, सी-४०२
एवढ्या थंडीत कोणी बटर शेकले, कोणी स्वतःला.

माई, ए-१०४
वहिनी, तुम्ही सांगितलेत हे बरे केलेत. आदल्या रात्री बाहेर काढून ओट्यावर ठेवायचे, हे मी स्पष्ट सांगितले नव्हते, तेव्हा अर्धा दोष माझा. सी-४०२ यांच्याविषयी मात्र माझे मत कायम आहे.

सचिव, बी-२०२
बटरचा विषय संपला असे समजावे काय? चेरींचे लाल डाग मेळाव्याच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवरही पडले आहेत आणि धुलाईचा खर्च कोणत्या खात्यात टाकावा, हा प्रश्न शिल्लक आहे.

ताई, सी-३०१
डाग पाकाचे आहेत. चेरी डब्यातून काढून तशीच ठेवली की ओल्या पाकामुळे ती घसरते आणि रंग सोडते. कोमट पाण्यात एकदा खळबळून, पंच्यावर कोरडी करून, अर्धी चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून अंगठ्याने अर्धी रुतेल इतकीच दाबावी. आणि बाजारात चेरी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा करौंदाच, म्हणजे आपले करवंद असते. त्याचा रंग काढून, लाल रंग देऊन, मग पाक रोज थोडा थोडा दाट करीत नेतात. पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकले तर फळातले पाणी झपाट्याने बाहेर येते, साखर आत शिरायला अवसर मिळत नाही आणि फळ सुरकुतते. आवळ्याच्या मुरंब्यात आपण सबुरी धरतो ती याचसाठी.

काका, बी-१०५
अंडे नाही हे समजले. परंतु लाल रंग किड्यापासून काढतात असे मी वाचले आहे. कृपया स्पष्ट उत्तर द्यावे.

वहिनी, ए-३०३
काका, डबा माझ्यासमोर आहे. रंगाचा क्रमांक १२७ लिहिला आहे.

ताई, सी-३०१
१२७ म्हणजे एरिथ्रोसिन, तो कारखान्यात बनवतात. किड्याचा रंग १२० क्रमांकाचा.

नाना, ए-२०१
करौंद्याला चेरी म्हणायचे आणि वर क्रमांक पाठ करायचे, त्यापेक्षा पेठा लावावा. आग्रा इथून जेमतेम १२० किलोमीटर. कोहळा चुन्याच्या निवळीत ठेवून आणि पाकात मुरवून केलेला पेठा म्हणजे साखरेत मुरवलेले फळ नव्हे तर काय?

दादा, सी-४०२
नाताळच्या बिस्किटावर पेठा, आणि त्यावर मुरैनाची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी, कुस्करून घातली की मुरैनाही खूष.

ताई, सी-३०१
दादा हसत असले तरी नानांचे चुकीचे नाही. अंगूरी पेठा नको, त्याचा पाक सुटेल. सुका पेठा बोटाच्या पेराएवढा चिरून घेतला तर चालेल. माई, आपली हरकत नसेल तर मी उद्या दुपारी येते. गोळे करून ताट तासभर गॅलरीत ठेवू, या दिवसांत फ्रीजची गरज नाही. त्यानंतर १६० अंशांवर १५ मिनिटे, आणि कडा किंचित सोनेरी झाल्या की काढायचे. मधला भाग तेव्हा मऊच वाटतो, तो बाहेर आल्यावर धरतो.

माई, ए-१०४
यावे. सभेत तुमचेच नाव यायला हवे होते, हे मला तेव्हाही वाटले होते. बटर आज रात्री माझ्याच ओट्यावर राहील.

(२४ डिसेंबर)

सचिव, बी-२०२
१२० बिस्किटे तयार असून डबे कुलूपबंद आहेत. ११२ वर चेरी आणि नानांच्या आग्रहास्तव ८ वर पेठा आहे. चाखण्यापुरती वेगळी केलेली बिस्किटे वाटण्यात आली आहेत. धुलाईचा खर्च सी-४०२ यांनी स्वतःहून दिला, त्याची नोंद घ्यावी.

दादा, सी-४०२
स्वतःहून म्हणजे माई दारात उभ्या होत्या. बिस्किटे मात्र उत्तम आहेत, चेरी जागच्या जागी आहे. आमच्याकडे परदेशी बटर बिस्किटांचा एक निळा डबा आहे, त्यात मला आजवर फक्त सुईदोरा सापडला; आज प्रथमच बिस्किट ठेवले.

काका, बी-१०५
मला मिळालेल्या दोनपैकी एकावर चेरी आहे व एकावर पेठा. चेरीचे खाल्ले. पेठा चुन्यात भिजवतात, असे नानांनी वर लिहिले आहे. कृपया स्पष्ट उत्तर द्यावे.