पगाराची तारीख नक्की नाही, मग फोनचं बिल वेळेवर कसं भरायचं?

आजऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, राहते कोल्हापुरात. घरातल्या तीन नंबरांचा एक फॅमिली पोस्टपेड प्लॅन आहे: माझा, नवऱ्याचा आणि पुण्यात होस्टेलला असलेल्या मुलाचा. बिल माझ्या नावावर. ते दर महिन्याच्या ४ तारखेला तयार होतं, शेवटची तारीख १९.

पगार एक तारखेला होतो हे फक्त कागदावर. पगारबिल वेळेत गेलं तर पहिल्या आठवड्यात जमा, नाहीतर वाट बघा. मार्चचा पगार तर दरवर्षीच लांबतो. यांचा टेम्पो आहे, भाडी येतात पण निम्मी उधारीवर. मग होतं काय, पगार झाला की आधी घराचा हप्ता, मग वाण्याचं, मग मेस, आणि फोनचं बिल मागे पडतं. गेल्या एप्रिलमध्ये तिन्ही नंबरांचं आउटगोइंग एकदम बंद. हे बेळगावच्या रस्त्यावर, गाडीत माल, आणि ज्याला माल द्यायचा त्याला फोन लागेना. घरी आल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी भानगड सासूबाईंची. त्या आजरा तालुक्यात गावी असतात. तिथे बीएसएनएलचा लँडलाइन आहे, आता फायबरवर गेलेला. बिलाचा मेसेज त्यांच्या बटणांच्या फोनवर जातो. त्यांना मेसेज वाचता येत नाहीत, इनबॉक्स भरला की शेजारचा पोरगा सगळे उडवून देतो.

आठवण राहत नाही असा प्रश्न नाही, रिमाइंडर लावा असं कृपया सांगू नका. तारीख पाठ आहे, त्या तारखेला पैसे नसतात. यावर कोणी काही बसवलंय का?

कोथरूडकर

ऑटोपे लावा आणि विसरून जा. मी कितीतरी दिवसांत फोनचं बिल उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

आजऱ्याची_सून

@कोथरूडकर, तुमचा पगार महिनाअखेरीला न चुकता होत असणार. माझ्या खात्यात १९ तारखेला पैसे नसतील तर ऑटोपे कुठून कापणार? लावून बघितलंय. 'अपुरी शिल्लक' असा मेसेज येतो आणि बिल आहे तिथेच.

कोथरूडकर

बरोबर आहे तुमचं. मग मी गप्प बसून वाचतो.

विट्याचा_दुकानदार

ताई, माझं विट्यात मोबाइलचं दुकान आहे, रिचार्ज आणि बिल भरणाही करतो. रोज काउंटरवर हेच बघतो म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुमच्यासारख्यांची अडचण तारखेची असते, आणि तिच्यावर सगळ्यात सोपा उपाय लोक वापरतच नाहीत. पोस्टपेडच्या खात्यात बिलापेक्षा जास्त पैसे भरता येतात. जास्तीचे पैसे कुठे जात नाहीत, पुढच्या बिलात वजा होऊन येतात, बिलावर मागची शिल्लक उणे दिसते. आमच्याकडे द्राक्षबागायतदार हेच करतात. माल गेला, व्यापाऱ्याचे पैसे आले की चार-पाच महिन्यांचं एकदम भरून मोकळे. पुढचा पैसा कधी येईल ते त्यांना कुठे माहीत असतं? तुम्हाला महागाई भत्त्याचा फरक मिळाला, यांची एखादी मोठी उधारी वसूल झाली, की त्यातून एक बिल आगाऊ टाकून ठेवा. एकदा एक महिना पुढे गेलात की मग पगार १० ला होवो नाहीतर २५ ला, तुम्ही पुढच्या महिन्याचं भरत असता. पहिला महिना ओढाताण होणार, नंतर नाही.

फक्त हे भरताना कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून नाहीतर वेबसाइटवरून भरा. फोनपे-गुगलपेसारख्या अ‍ॅपमधली बिलं ज्या यंत्रणेतून जातात त्या भारत बिलपेमधून (आता त्याचं नाव भारत कनेक्ट झालंय) भरायला गेलात तर काही कंपन्या जेवढं बिल तेवढीच रक्कम घेतात, काही जास्त घेतात, काही कितीही घेतात. ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं, फोनपे-गुगलपेचा त्यात दोष नाही. रकमेचा चौकोन बदलता येत नसेल तर समजायचं इथे आगाऊ चालत नाही.

आता दुसरं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचं निम्मं 'थकलेलं बिल' हे खरं तर जीएसटीचं असतं. प्लॅन ३९९ चा म्हणून माणूस चारशेची तयारी करून येतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात ४७० रुपये ८२ पैसे. वरचे सत्तर 'पुढच्या वेळी देतो' म्हणून जातात. पुढच्या बिलात ते थकबाकी म्हणून येतात, वर उशिराचा दंड, आणि दंडावरही जीएसटी. मग माझ्याशीच भांडण, की तू गेल्या महिन्यात भरलंच नाहीस. पावती काढून दाखवली की गप्प.

तुमच्या सासूबाईंच्या मेसेजबद्दल. एक आजोबा येतात, ते फोनच माझ्या हातात देतात, 'बघ रे काय आलंय.' उघडलं की शेकडो न वाचलेले मेसेज. शेवटची संधी, नवी ऑफर, कॉलरट्यून, क्रिकेट, लगेच हा नंबर दाबा. बिलाचा मेसेज कुठे तरी मधे, तोही इंग्रजीत. मी डोळे फाडून शोधतो तेव्हा सापडतो, त्यांना काय सापडणार! त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर बिल येईल आणि ते आपल्याला कळवतील ही आशाच सोडा. कंपनीकडे तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल नोंदवून टाका, बिल तुमच्याकडे येऊ दे. तोवर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये लँडलाइनच्या रकान्यात एसटीडी कोडसकट नंबर घालून ठेवा. खात्याचा नंबर मागतात, तो जुन्या बिलावर असतो. एकदा जोडलं की बिल आपोआप दिसायला लागतं.

आणि एक. 'तुमचे बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला कनेक्शन तोडले जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर फोन करायचा नाही. लाइटबिलाच्या नावाने हाच प्रकार लोकांनी भोगलाय. समोरचा गोड बोलतो, एक अ‍ॅप टाकायला लावतो, दहा रुपये भरून बघा म्हणतो आणि खातं धुऊन नेतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. सासूबाईंना एवढंच सांगून ठेवा की बिलाचं कोणी विचारलं तर 'सुनेला विचारा'.

निवृत्त_कॅशियर

विट्याच्या दुकानदारांनी व्यवहाराचं सांगितलं. मी बँकेतून निवृत्त आहे, डोंबिवलीला असतो. ऑटोपेविषयी थोडं लिहितो, कारण तो या बाईंच्या कामाचा नाही असं मला वाटत नाही. तो चुकीच्या खात्यावर लागलेला आहे.

पगाराच्या खात्यावर हप्ता, विमा, सोसायटीची कपात सगळं एकाच वेळी तुटून पडतं. फोनसाठी दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं ठेवावं, किमान शिल्लक लागणार नाही असं. त्यात दोन बिलांएवढी रक्कम कायम पडून राहू द्यावी आणि पगार होईल तेव्हा, कुठल्याही तारखेला, ती पुन्हा भरून काढावी. म्हणजे वरचंच आगाऊ भरण्याचं तत्त्व, पण पैसा कंपनीकडे न ठेवता आपल्याकडे ठेवायचा. मला ते अधिक पसंत आहे. उद्या नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा झाला तर जमा रक्कम परत मिळवायला पाठपुरावा करावा लागत नाही.

शिक्षकांचं बरंचसं पतसंस्थेत असतं, म्हणून सांगतो: पतसंस्थेच्या खात्यावर यूपीआयचं मँडेट (खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची परवानगी, म्हणजेच ऑटोपे) लागत नाही. खातं बँकेचंच हवं.

मँडेट देताना कमाल रक्कम विचारतात. लोक तिथे नेहमीच्या बिलाचा आकडा टाकतात. एखाद्या महिन्यात रोमिंग किंवा परदेशी कॉल झाला, बिल वाढलं, की मर्यादा ओलांडली म्हणून व्यवहार होत नाही आणि आपण मात्र ऑटोपे आहे म्हणून निर्धास्त. बिलाच्या दुप्पट मर्यादा ठेवावी. भीती बाळगायचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. ती वाचून बिल चुकीचं वाटलं तर त्या वेळी थांबवता येतं. दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता कापता येण्याची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. तुमच्या बिलाला ती पुरून उरेल.

क्रेडिट कार्डावर मँडेट लावा असं कोणीतरी सांगेलच. त्याने १९ तारीख पुढे ढकलली जाते हे खरं. पण कार्डाचं बिल चुकलं तर जे व्याज लागतं त्यापुढे फोनवाल्याचा दंड काहीच नाही. ज्यांची आवकच अनियमित आहे त्यांना मी हा सल्ला देणार नाही. शिवाय कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं की जुनं मँडेट बंद पडू शकतं, ते अनेकांच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक गोष्ट काउंटरवर कोणी सांगत नाही. पोस्टपेडचं खातं सिबिलच्या अहवालात, म्हणजे कर्ज देताना बँक बघते त्या परतफेडीच्या नोंदीत, दिसू शकतं. बिल थकवून सिमकार्ड फेकून दिलेली मंडळी पुढे गृहकर्जाला आली की अडतात. मी अडवलेली आहेत.

मस्कतहून

आईचं बिल मी इथून भरतो. आई देवरूखला. एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं खातं) ओमानच्या नंबरला जोडलेलं आहे, यूपीआय त्यावर चालतं. २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांना ती सोय मिळाली, ओमान त्यात आहे. बँकेने मात्र ती चालू केलेली असायला हवी, आधी तेवढं विचारून घ्या.

तुमच्याकडे उलटा प्रश्न आहे, पण मुलासाठी एक सुचवतो. तो होस्टेलला आहे तर त्याला यूपीआय सर्कलमध्ये घ्या. खातं तुमचं, व्यवहार तो करणार, प्रत्येक वेळी तुम्हाला मंजुरी विचारेल अशी सोय आहे. पगार जमा झाला आणि तुम्ही वर्गावर असलात तर बिल तो भरेल, तुम्ही मधल्या सुट्टीत मंजूर करा. पोरांना असल्या जबाबदाऱ्या आवडतात. निदान माझ्या भाच्याला आवडते.

आजऱ्याची_सून

सगळ्यांचे आभार. @निवृत्त_कॅशियर, पतसंस्थेचं बरं सांगितलंत, माझ्या मनात तेच होतं. वेगळं खातं काढते. दिवाळीच्या आधी सणाची उचल मिळेल, त्यातून दोन बिलांची रक्कम बाजूला टाकते. यांना दुकानदार दादांची आगाऊ भरण्याची कल्पना जास्त पटली, 'खात्यात ठेवलंस तर खर्च होतील' म्हणाले. त्यांचंही खोटं नाही. त्यावर आमची चर्चा चालू आहे.

@विट्याचा_दुकानदार, दादा, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिघांना प्रीपेडवर गेलो तर सोपं होईल का? आणि सासूबाईंचा लँडलाइन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझा नंबर नोंदवायला गेले तर अडवतील का?

विट्याचा_दुकानदार

प्रीपेडचं मी दुकानदार म्हणून हो म्हणेन, कारण मला रिचार्जचं कमिशन मिळतं :) पण खरं सांगायचं तर यांच्यासाठी नको. रिचार्ज संपला की संपला, पोस्टपेडला बिल आल्यावर निदान पंधरा दिवस तरी मिळतात. टेम्पोवाल्याला ते पंधरा दिवस मोलाचे. मुलाला मात्र प्रीपेड करून बघा. वर्षाचा पॅक एकदाच, उचल मिळाली की टाकून द्यायचा, बारा महिने त्याच्याकडे बघायला नको. नंबर तोच राहतो, आता ओटीपीवर बदल होतो, नव्याने अर्ज-फोटो काही लागत नाही. प्लॅनमधून एक नंबर कमी केल्यावर भाडं किती कमी होतं ते आधी विचारा. काही प्लॅनमध्ये तिसरा नंबर जवळजवळ फुकटच असतो, तसं असेल तर काढून काही फायदा नाही.

आणि हो, कंपनीला फोन करून बिलाची तारीख बदलून मिळते का ते विचारा. नाही म्हणाले तर नाही, विचारायला पैसे पडत नाहीत. मिळाली तर २० च्या आसपासची घ्या, म्हणजे शेवटची तारीख पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येईल.

लँडलाइनचं काम रेंगाळत ठेवू नका. बिल कोणीही भरू शकतं, त्याला नाव लागत नाही, पण नंबर नोंदवणं, प्लॅन बदलणं, तक्रार या सगळ्याला ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याची सही मागतात. वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं आधार, आणि बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं पत्र लागेल, म्हणजे यांचं आणि दीर-नणंदांचं. तुमच्या भागाच्या कस्टमर सर्व्हिस सेंटरला जाऊन अर्ज घ्या, आणखी काय जोडायचं ते तिथे कळेल. जाण्याआधी मागचं सगळं बिल भरून त्याची पावती बरोबर न्या. थकबाकी असली की आधी ती भरून या म्हणून परत पाठवतात आणि आजऱ्याची एसटी हुकते.

आजऱ्याची_सून

दादा, नणंद गणपतीला येणार आहे. त्या पत्रावर तेव्हाच सही घेते.