मदत हवी आहे: स्ले द स्पायरमधलं माझं 'नरकासुर' कार्ड फुगत नाही

मंडळी, जावा येणारं कोणी असेल तर जरा बघा.

स्ले द स्पायर या पत्त्यांच्या संगणक खेळासाठी गोव्यातल्या सणांच्या कार्डांचा छोटा मॉड, म्हणजे खेळात घालायची भर, करतोय. मॉड चालवायला लागणारे मॉडदस्पायर आणि बेसमॉड बसवलेत, कंपाइल जावा ८ वरच करतो. चित्रं २५० × १९० आणि ५०० × ३८० अशी दोन्ही मापांत दिली आहेत. कार्ड खेळात येतं, छान दिसतं. तिथवर तक्रार नाही.

अडलंय नरकासुरावर. आमच्या फोंड्यात दिवाळीच्या आदल्या रात्री तो नाचवतात आणि पहाटे जाळतात. कार्डही तसंच हवं. हातात धरून ठेवलं की दर पाळीला फुगणार, म्हणजे त्याचा मार वाढणार, आणि खेळलं की जळालं, त्या लढाईत परत नाही. जाळणं सोपं निघालं, एक्झॉस्ट ट्रू केलं की झालं. सेल्फरिटेनमुळे ते हातातही राहतं. पण फुगेल तर शपथ! मूळ डॅमेज (मार) ८. कार्ड हातात राहिलं की चालणाऱ्या ऑनरिटेन्ड मेथडमध्ये डॅमेजला ३ मिळवतो. लॉगमध्ये ११ छापलं जातं, म्हणजे मेथड चालते. पुढच्या पाळीत मात्र कार्डावर पुन्हा ८, आणि शत्रूलाही ८च लागतात.

दुसरी अडचण कार्डावरच्या वर्णनाची. देवनागरी फॉन्ट घातला, अक्षरं उमटतात, पण 'शिगमो'तली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'शक्ती'तल्या क चा पाय मोडलेला दिसतो. 'घोडेमोडणी' (शिगम्यातला नाच) तेवढं धड वाचता येतं, त्यात ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही म्हणून!

प्रतिसाद १
तुम्ही डॅमेज वाढवताय, वाढवायचं बेसडॅमेज. आकडे मोजणारी अप्लायपॉवर्स मेथड चालली की खेळ बेसडॅमेज घेतो, त्यात स्ट्रेंग्थ वगैरे धरतो आणि उत्तर डॅमेजमध्ये भरतो. तुमचे ११ तिथेच पुसले जातात. खेळातल्या वॉचर या पात्राचं विंडमिल स्ट्राइक कार्ड उघडून बघा, तुमच्या नरकासुराचा सख्खा भाऊ आहे. ते ऑनरिटेन्डमध्ये अपग्रेडडॅमेज बोलावतं आणि ती मेथड बेसडॅमेजच वाढवते. पुढच्या लढाईत फुगलेला आकडा राहील का, ही काळजी नको. लढाईत मूळ डेकच्या प्रती येतात, मूळ कार्ड ८चंच राहतं.

प्रतिसाद २
फॉन्ट कितीही बदला, उपयोग नाही. खेळ लिबजीडीएक्स या खेळ बनवायच्या जावा लायब्ररीवर आहे आणि ते एकेक अक्षर ओळीनं मांडत जातं. वेलांटी आधी आणणं, जोडाक्षर बांधणं त्याला येत नाही. वर्णनाचं पारदर्शक चित्र करून कार्ड पडद्यावर रेखाटणारी रेंडर मेथड ओव्हरराइड करा आणि ते वर काढा. फक्त डॅमेजचा आकडा त्या चित्रात घालू नका, तो बदलता आहे. त्याला जागा सोडून वेगळा छापा. कटकट आहे खरी, पण रोमन लिपीतला नरकासुर कोणाला हवाय?

धागाकर्ता
बेसडॅमेज केलं. ८, ११, १४ असा मस्त फुगतोय, धन्यवाद! वर्णनाचं चित्र आज रात्री करायला घेतो. आकडा कुठे बसवायचा ते जमलं नाही तर इथेच कोड टाकतो.