ऑपरेशननंतर पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या कशाला?

कर्वेनगरकर:
सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी टाकली, दुसऱ्या दिवशी घरी. सगळं व्यवस्थित. पण डिस्चार्ज कार्डावर पाच दिवस अँटिबायोटिक, सोबत ॲसिडिटीची गोळी आणि जुलाब लागले तर म्हणून अजून एक. इन्फेक्शन आहे का विचारलं तर "नाही हो, होऊ नये म्हणून". मी डॉक्टर नाही, औषध कंपनीत क्वालिटीला आहे, वाचायची खोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची गाइडलाइन सांगते की ऑपरेशन संपलं की प्रतिबंधक अँटिबायोटिक पुढे चालवू नका. अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०१७ चं पण तेच, क्लीन केसमध्ये, म्हणजे आत आधीपासून इन्फेक्शन नसलेल्या ऑपरेशनमध्ये, टाके घातल्यावर पुढचा डोस नाही, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवला असला तरी. मग आपल्याकडे जो तो डिस्चार्जला पाच दिवस का लिहितो? माझं मत विचाराल तर डॉक्टरला रात्री शांत झोप लागावी म्हणून.

सर्जन_धायरी:
झोपेसाठीच, आणि त्यात लाज कसली? माझं छोटं हॉस्पिटल आहे, मी तीन दिवस देतो आणि देत राहणार. जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑफिसात बसून लिहिणाऱ्याला माझा पेशंट घरी कुठे जातो ते माहीत नाही. दहा बाय दहाची खोली, पाणी टँकरचं, ड्रेसिंग गल्लीतल्या कंपाउंडरकडे, आणि टाक्यातून पू आला की नातेवाईक गाइडलाइन वाचत नाहीत, "साधं अँटिबायोटिक पण दिलं नाही" म्हणत अख्खी गल्ली केबिनमध्ये येते. ग्राहक मंचात उत्तर द्यायला तुम्ही येणार का?

ओटी_सिस्टर:
तुम्ही दोघं गोळ्यांवर भांडताय, घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. सेफाझोलिनचं, म्हणजे ऑपरेशनआधी देतात त्या नेहमीच्या अँटिबायोटिकचं, इंजेक्शन चीर देण्याआधीच्या एका तासात जायला पाहिजे (व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक सावकाश सोडावं लागतं म्हणून ते दोन तासांच्या आत). प्रत्यक्षात काय, वॉर्डात सकाळी सातला सगळ्यांना एकदम टोचून मोकळे, सर्जन चांदणी चौकात अडकलेले, तिसऱ्या केसला चीर लागते साडेअकराला, तोवर औषध उतरलेलं, कारण सेफाझोलिन रक्तात निम्मं व्हायला दोनेक तास पुरतात. ऑपरेशन लांबलं तर चार तासांनी परत डोस द्यायचा असतो, रक्त दीड लिटरच्या वर गेलं तरी. तो तर हमखास राहतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलचा अभ्यास आला होता, २८४७ पेशंट. चिरेच्या आधीच्या दोन तासांत डोस मिळाला त्यांच्यात इन्फेक्शन ०.६ टक्के, त्याहून लवकर दिलेल्यांत ३.८, आणि चीर दिल्यावर तीन तास उलटून दिलेल्यांत ३.३.

गुडघेवाली_लेक:
आईच्या गुडघ्यात इन्फेक्शन झालं होतं, सांधा परत उघडून धुवायला लागला, महिनाभर हाताला सुई. मला पाच काय पंधरा दिवस गोळ्या दिल्या तरी चालतील. रेझिस्टन्स वगैरे जगाचे प्रश्न, आई माझी आहे.

कर्वेनगरकर:
ताई, ऐकून वाईट वाटलं. पण जंतू बहुतेक वेळा ऑपरेशन चालू असतानाच शिरतात, बऱ्याचदा पेशंटच्याच कातडीवरचे, आणि टाके घातल्यावर जखमेची कड एक-दोन दिवसांत मिटते. दार उघडं असताना वॉचमन पाहिजे, कुलूप घातल्यावर पाच दिवस बसवून काय करणार? उलट जादा अँटिबायोटिकने पोट बिघडतं, किडनीला त्रास होऊ शकतो, आणि अंगात उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू, म्हणजे तोटा आधी त्याच पेशंटचा.

ओटी_सिस्टर:
ताई, आईंची शुगर किती होती तेव्हा?

गुडघेवाली_लेक:
सगळे तेच विचारतात, जणू तिचीच चूक.

ओटी_सिस्टर:
चूक तिची कशी असेल, बघायचं काम आमचं. शुगर दोनशेच्या आत, टेबलावर अंग गार पडू द्यायचं नाही, केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत (अगदी लागलंच तर क्लिपर), वजन १२० किलोच्या वर असेल तर सेफाझोलिन दोनऐवजी तीन ग्रॅम. इंजेक्शन किती वाजता गेलं ते भूलवाल्या डॉक्टरांच्या शीटवर असतं. फाइलची कॉपी मागा, हक्क आहे तुमचा.

सर्जन_धायरी:
एक स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी हे वाचून शहाणपणा करेल. अपेंडिक्स फुटलंय, पोटात पू आहे, तिथे अँटिबायोटिक हा उपचार असतो, प्रतिबंध नाही. आपल्या सर्जनला न विचारता कोणीही गोळ्या बंद करू नका.
बाकी सिस्टर, वेळेचं तुमचं बरोबर आहे, आमच्याकडे इंजेक्शन भूल देतानाच जातं. पण गोळ्यांचं पटलं नाही, जाळीच्या केसला तर नाहीच.

कर्वेनगरकर:
डॉक्टर, तुमच्या गेल्या वर्षीच्या हर्नियात किती जणांना पू झाला याचा आकडा आहे?

सर्जन_धायरी:
लिहून नाही ठेवलेला.

कर्वेनगरकर:
मग तीन दिवसांच्या गोळ्यांनी फायदा होतो हे कशावरून?

सर्जन_धायरी:
आणि होत नाही हे माझ्या पेशंटवर कोणी मोजलंय?

ओटी_सिस्टर:
मोजा ना मग. साध्या केसला तीस दिवसांपर्यंत फोन करून विचारायचं, हर्नियाला नव्वद. वही आखून मी देते.