सगळ्या धर्मांचं जगातलं काम खरंच एक आहे का?

रावपुरेकर:
"वाटा निरनिराळ्या, पण सगळ्या धर्मांचं काम एकच." आमच्या बडोद्यातल्या वाचनगटात परवा हे वाक्य आलं आणि बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

या जगाचं आपण काय करायचं, या प्रश्नाची धर्मांनी दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो, जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. ख्रिस्ती माणसासाठी ती आज्ञा आहे. झरथुष्ट्री, म्हणजे पारशी श्रद्धेप्रमाणे माणूस अहुरमज्दाचा, त्यांच्या परमेश्वराचा साथीदार. चांगला विचार, चांगली वाणी, चांगली कृती यांच्या बळावर त्यानं असत्याशी झुंजायचं, सृष्टी पुन्हा निर्मळ होईपर्यंत. काम साऱ्या जगाचं, पण त्यासाठी बाहेरच्याला अग्यारीत, त्यांच्या अग्निमंदिरात, बोलवायचं नाही. जैनांचं आणखी वेगळं. आपण पाचव्या आऱ्यात, म्हणजे कालचक्राच्या उतरत्या भागातल्या पाचव्या टप्प्यात आहोत, सहावा याहून वाईट असणार, मग कालचक्र पुन्हा वर चढणार. जग कायमचं सुधारून दाखवण्याची जबाबदारी तिथे कुणावरच नाही. आपल्या कर्मांचा क्षय करायचा आणि जगताना कुठल्याही जिवाला इजा होऊ द्यायची नाही, एवढं काम. तेवढंच केवढं अवघड आहे!

या तिघांना एका माळेत ओवणं म्हणजे तिघांचंही म्हणणं ऐकून न घेता त्यांना शाबासकी देणं. सगळं एकच असतं तर सयाजीराव महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी अल्बन विजरीसारखा इंग्रज प्राध्यापक कशाला आणला असता?

दांडियाबाजारकर:
रावपुरेकर, तुम्ही धर्म पोथीत बघताय, मी माणसांत बघतो. याच महाराजांनी विठ्ठल रामजी शिंद्यांना मदत केली. १९०१ साली शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा अभ्यास करायला गेले, १९०३ ला परतले. इतका अभ्यास करून त्यांनी काय केलं? १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. अस्पृश्य मुलांसाठी शाळा, वसतिगृहं. कामाची शिस्त ख्रिस्ती मिशनऱ्यांची, संस्कार वारकरी घरातले, उपासना प्रार्थना समाजाची. यातलं कुठलं दुसऱ्याच्या आड आलं? तुकोबा म्हणतात, "बुडती हे जन न देखवे डोळां, येतो कळवळा म्हणऊनि". हा कळवळा ज्याला सुटला त्याचा धर्म कुठला का असेना, काम तेच.

मांडवीवाली:
काका, कळवळ्याबद्दल वाद नाही. पण एक फरक तुम्ही झाकताय. आपला धर्म कुणाच्या दारात जाऊन "आमच्यात या" म्हणत नाही. गीतेतला लोकसंग्रह म्हणजे ज्याचं त्यानं कर्म नीट करावं, ते बघून लोक शिकतात. देवपोढीला, म्हणजे आषाढी एकादशीला, आमच्या मांडवीहून विठ्ठलाचा वरघोडा, मिरवणूक, निघतो. यायचं त्यानं यावं, दर्शन घ्यावं, जावं. माणसं मोजायची गरजच पडत नाही. ज्यांना ती पडते, त्यांच्या कामाला मी धर्मकार्य म्हणणार नाही.

कारेलीबाग:
ताई, हे आपण नेहमी म्हणतो, पण इतिहास तसा नाही. १८७५ साली मुंबईत आर्य समाज निघाला. जगावर उपकार करणं हा समाजाचा मुख्य उद्देश, असं त्याच्या सहाव्या नियमातच आहे, आणि शुद्धी करून माणसं परत घेण्याची चळवळही त्यांचीच. आमच्याच भागात आर्य कन्या महाविद्यालय आहे. बडोद्यात अस्पृश्य मुलांच्या शाळांवर जायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात, तेव्हा महाराजांनी पंजाबातून पंडित आत्मारामजींना बोलावलं, ते आर्य समाजाचेच. विवेकानंद १८९२ साली इथे आले होते, दिलाराम बंगल्यात आज त्यांचं स्मारक आहे. त्यांनी १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनच काढलं, आणि "आत्मनो मोक्षार्थं जगद्धिताय च" म्हणून स्वतःचा मोक्ष आणि जगाचं हित एका ओळीत बांधलं. त्याच्याही कितीतरी आधी बुद्धानं पहिल्या साठ भिक्खूंना सांगितलं होतं, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी फिरा, आणि दोघं एका वाटेनं जाऊ नका. बाहेर पडून सांगणं ही या मातीला परकी गोष्ट नाही.

फतेगंज:
मी मराठी ख्रिस्ती, चार पिढ्या बडोद्यात. दांडियाबाजारकर काका, तुमच्या लिहिण्यात आपुलकी आहे, पण ती मला अर्धीच पोचते. आमची शाळा चांगली, दवाखाना चांगला, फक्त येशूचं नाव तेवढं घेऊ नका, असंच आम्हाला नेहमी सुचवलं जातं. नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशयाचं वचन वाचलं: दरिद्र्यांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मुक्ती. सुवार्ता आणि सुटका तिथे एका श्वासात आहेत. त्यातलं एक ठेवून दुसरं टाका म्हटलं तर ते माझं काम उरत नाही.

मांडवीवाल्या ताई, आमिष दाखवून किंवा धाक घालून केलेलं धर्मांतर मलाही पाप वाटतं. पण गुजरातेत २००३ च्या कायद्यानं धर्मांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. स्वतःच्या मनानं, विचार करून कुणी माझ्या देवाकडे आलं तर त्याला सरकारी कचेरीत कारणं द्यावी लागावीत, हे तुम्हाला पटतं का? ज्या गोष्टीनं मी तरले असं मला मनापासून वाटतं, ती शेजारणीपासून लपवून ठेवणं मला जमणार नाही. तिनं नाही म्हटलं तरी ती शेजारीणच राहील, आणि संध्याकाळी चहाला येईलच.

मांडवीवाली:
परवानगीचं मला पटतं. गरिबाच्या घरी "स्वतःच्या मनानं" किती आणि अडचणीपायी किती, हे कुणीतरी तपासायला हवं. तुमच्याबद्दल मनात काही नाही, हे मात्र नक्की.

अजवा रोड:
इथे सगळे सयाजीराव महाराजांचं नाव घेताहेत. मग १९१७ चा सप्टेंबर कुणीच का काढत नाही? महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. बाबासाहेबांनी गावातल्या एका हिंदू मित्राला विचारलं. तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. मग ख्रिस्ती मित्राला विचारलं. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण, आणि धर्म बदलला तरी बायको सोवळ्यातली. शेवटी रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

एका दिवसात तीन धर्मांची दारं. रावपुरेकर म्हणतात उत्तरं वेगळी आहेत. ग्रंथात असतील, त्या दिवशी तिघांनी एकच उत्तर दिलं. आणि काका, कळवळा देणाऱ्याच्या मनात असतो, त्याची लहर गेली की तोही जातो. बाबासाहेबांना दया नको होती, भाड्यानं एक खोली हवी होती. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे की धर्म जगाची उत्पत्ती सांगत बसतो, धम्माचं प्रयोजन जगाची पुनर्रचना करणं हे आहे. धर्माला कामच सांगायचं तर हे सांगा.

तांदळजा:
आम्ही मूळचे रत्नागिरीचे, घरी मराठीच बोलतो. इस्लामचं नाव आत्तापर्यंत आलं नाही म्हणून दोन गोष्टी. दावत, म्हणजे दीनकडे बोलावणं, हे आमच्यावर आहेच. चांगल्याचा आग्रह धरा, वाइटाला आवरा, हेही आहे. पण धर्मात सक्ती नाही, हे सूरह बकरामध्ये (२:२५६) आहे. आणि मूळ प्रश्नाला थेट लागणारी आयत सूरह माइदातली (५:४८). अल्लाहनं मनात आणलं असतं तर तुम्हा सगळ्यांना एकच समाज केलं असतं, पण तुम्हाला जे दिलं त्यात त्याला तुमची परीक्षा घ्यायची आहे, म्हणून भलाईच्या कामांत एकमेकांच्या पुढे जा. फरक त्यानंच ठेवलेत, चढाओढ कशात करायची तेही त्यानंच सांगितलंय. रावपुरेकरांचं म्हणणं मला म्हणून जवळचं वाटतं.

रावपुरेकर:
तांदळजा, ही आयत वाचनगटात नक्की वाचून दाखवतो.

अजवा रोड, १९१७ च्या त्या दिवसानं माझा मुद्दा उलट घट्ट होतो. त्या ख्रिस्ती घराला जाब विचारायचा तर कशाच्या आधारानं? ज्यांच्या प्रभूनं सर्व राष्ट्रांकडे पाठवलं, त्यांनी घरातच सोवळं पाळलं, हा त्यांचा स्वतःच्या आज्ञेशी द्रोह. काठ्या घेऊन आलेल्यांनी ज्या सत्कृतीची शपथ रोज कुस्ती, म्हणजे कमरेची पवित्र दोरी, बांधताना घेतली, तिच्याशी द्रोह केला. "सगळं एकच, सगळं चांगलंच" म्हणणाऱ्याला असा जाब विचारताच येत नाही. ज्याचं काम त्याच्याच शब्दांत माहीत असेल, तोच त्याला म्हणू शकतो की बाबा, तू ते केलं नाहीस.

अजवा रोड:
जाब विचारायला तुमची पद्धत चांगली आहे. पण दारात उभा असलेला माणूस प्रत्येक घराचा ग्रंथ वाचून मग दार ठोठावणार का? त्याला सगळ्या घरांना लागू होणारा एकच नियम हवा, माणूस म्हणून बरोबरी. तो नियम ज्या धर्मात नसेल त्यानं बाहेरून घ्यावा. आपल्या घटनेतून घेतला तरी चालेल, सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद केली ती कुठल्याही ग्रंथाला न विचारता.

फतेगंज:
बाहेरून घ्यावा लागू नये. आमच्या ग्रंथात तो आहे. पौलानं गलतीकरांना लिहिलंय, यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे एक. त्या घरानं ते वाचलेलं असणारच, तरी दार उघडलं नाही. दादा, या बाबतीत माझा राग तुमच्याइतकाच आहे.

दांडियाबाजारकर:
अजवा रोड, कळवळ्याला लहर म्हणालात ते मात्र मी मान्य करणार नाही. शिंद्यांनी त्या कामात आयुष्य घातलं, स्वकीयांचे शिव्याशाप खाल्ले. कायदा दार उघडायला लावेल. आत आलेल्याला पाट मांडून बसवायला कायदा येणार नाही, तिथे माणसालाच यावं लागतं. पुढच्या बैठकीला तुम्हीही या. बाबासाहेबांचं ते प्रकरण आणि शिंद्यांचं काम शेजारी ठेवून वाचू. फतेगंज आणि तांदळजानंही यावं.