मदत हवी आहे: सीलिॲक असलेल्या मुलासाठी परवडणारं जेवण (जळगाव)

नमस्कार ताई-दादांनो. माझ्या मुलाला सीलिॲक आजार आहे, म्हणजे गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद. ग्लुटेन-फ्री (गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेल्या) पिठाची पाकिटं आमच्या महिन्याच्या खर्चात बसत नाहीत. नशिबानं आपल्याकडे कळण्याची भाकरी आहे; तिच्यातले ज्वारी आणि उडीद दोन्ही त्याला चालतात. भरीत, केळी, घरचे ज्वारीचे बिबडे (पापड) आवडीनं खातो.

खरी अडचण गिरणीची आहे. गव्हामागून त्याच चक्कीत आमची ज्वारी पडली की गव्हाचं पीठ मिसळतंच, आणि तेवढ्यानंही आतड्याला इजा होते. जळगाव-भुसावळकडे फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी कुणाला माहीत आहे का? की घरघंटीच घ्यावी? जुनी स्वस्तात मिळेल, पण तिच्यात अडकलेला गहू पूर्ण निघतो का, याची मला फार धास्ती वाटते.

डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंग कुठे मिळेल?

आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात मांडे होतील. पुरण त्याला चालतं, पण पारी कशाची करू? चुलतभावंडांच्या पंगतीत त्याचं ताट वेगळं दिसू नये, असं फार वाटतं. कुणी ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठाचं करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा.