सल्ला हवा: तपासणी झाली, पैसे आले, तरी हेडिसच्या यादीत पेशंट लालच

एडिसनकर_अनघा
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एका छोट्या फॅमिली प्रॅक्टिसचं बिलिंग मी बघते. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज आणि मेडिकेडचे मॅनेज्ड केअरवाले (सरकारी विमा, पण खासगी विमा कंपनीच्या प्लॅनमार्फत) पेशंट भरपूर. एका प्लॅनकडून दर महिन्याला 'केअर गॅप'ची यादी येते, म्हणजे हेडिस या दर्जा मोजायच्या निकषांप्रमाणे कोणाचं काय बाकी आहे ते; बाकी असलेले लाल. त्यात असे डायबेटिसवाले आहेत की ज्यांचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आमच्याच ऑफिसात, बोट टोचून, मशीनवर झालंय. तपासणीचा बिलिंग कोड ८३०३६ लावला, पैसेही आले. तरी लाल. बीपीचीही तीच गत. प्लॅनच्या बाई फोनवर एवढंच म्हणतात, "रिझल्टचे कोड पाठवा." नेमके कुठले? आणि डॉक्टरांनी आधीच बजावलंय की नोटमध्ये एक अक्षर जास्तीचं टाइप करणार नाही. कोणी हे रोज करत असेल तर सांगा ना.

खराडीचा_कोडर
अनघाताई, रोजचंच आहे आमचं हे. ८३०३६ सांगतो की तपासणी झाली. आकडा किती आला ते सांगत नाही, आणि हेडिसला आकडाच हवा असतो. म्हणून त्याच क्लेमवर (प्लॅनला पाठवायच्या बिलावर) सीपीटी-२ चा कोड जोडायचा; हे कोड पैशांसाठी नसतात, फक्त रिझल्ट किंवा काय केलं ते कळवायला असतात. ७ च्या खाली असेल तर ३०४४एफ. ७ ते ८ च्या आत ३०५१एफ. ८ ते ९, म्हणजे नेमका ९.० धरून, ३०५२एफ. ९ च्या वर ३०४६एफ. पूर्वी ७ ते ९ साठी ३०४५एफ होता, तो २०१९ च्या ऑक्टोबरपासून बाद आहे. पण ईएचआरच्या (पेशंटच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या) फेव्हरिट्समध्ये हमखास बसलेला असतो, तो आधी काढा. वर्षातली शेवटची तपासणी धरतात. तिचा आकडा पोचला नाही तर पेशंटची शुगर हाताबाहेर आहे असंच मोजलं जातं, मग प्रत्यक्षात ती ६.४ का असेना.

बीपीला दोन कोड लागतात, एक वरच्या आकड्याचा, एक खालच्या. वरचा १३० च्या आत ३०७४एफ, १३० ते १३९ ला ३०७५एफ, १४० पासून पुढे ३०७७एफ. खालचा ८० च्या आत ३०७८एफ, ८० ते ८९ ला ३०७९एफ, ९० पासून पुढे ३०८०एफ. आता मजा बघा. त्याच दिवशी दोनदा घेतलं, आधी १४६/७८, मग १३८/८४. नियमाप्रमाणे दोन्हींतले कमी आकडे घेता येतात, म्हणजे १३८/७८. पेशंट १४०/९० च्या आत आला! त्यामुळे पहिलं रीडिंग जास्त आलं तर मेडिकल असिस्टंटला थोडं थांबून परत घ्यायला सांगा, आणि दोन्ही नोंदवायला लावा. डॉक्टरांना काही टाइप करावं लागत नाही. व्हायटल्समध्ये आकडा पडला की कोड आपोआप सुचवायचा, असा रूल बहुतेक ईएचआरमध्ये लावता येतो.

सदाशिव_पेठी
वरच्याला +१. एक राहिलं. सीपीटी-२ च्या ओळीची किंमत शून्य असते, आणि काही सॉफ्टवेअर शून्याची ओळ गुपचूप गाळतात. कोड इकडून गेला, तिकडे पोचलाच नाही. मग एक सेंट लावतात. क्लिअरिंग हाऊसला (क्लेम प्लॅनकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला) विचारून घ्या. आणि तो सेंट राइट-ऑफ करा, नाहीतर पेशंटच्या घरी एका सेंटचं बिल जाईल आणि फोन तुम्हालाच येईल.
कोडला 'हे केलं नाही' असं सांगणारी ८पी मॉडिफायरची शेपटी मात्र लावू नका. ती लागली की हेडिस ती ओळ मोजत नाही.

मीनल_ह्यूस्टन
तुमच्याकडे बाळंतपणाचे पेशंट नसतील, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. ५९४०० चं ग्लोबल बिल (सगळ्या बाळंतपणाचं मिळून एकच) डिलिव्हरीनंतर एकदाच जातं, त्यामुळे आधीच्या व्हिजिटच्या तारखा प्लॅनला दिसतच नाहीत. गरोदरपणातल्या पहिल्या व्हिजिटला ०५००एफ आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीला ०५०३एफ, ज्या त्या तारखेने. ही नंतरची तपासणी डिलिव्हरीपासून ७ ते ८४ दिवसांत हवी.

टिपणवही
जरा सबुरीने घ्या. प्लॅनच्या यादीत कधी कधी 'संशयित निदान'ही असतं. यादीत आहे म्हणून क्लेमवर टाकलं, असं करू नका. नोटमध्ये डायबेटिस आणि सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) दोन्ही असतील आणि डॉक्टरांनी दुसरं कारण लिहिलं नसेल, तर आयसीडी-१० च्या (निदानाच्या कोडांच्या) नियमांप्रमाणे दोन्हींचा संबंध गृहीत धरता येतो, म्हणून ई११.९ (गुंतागुंत नसलेला डायबेटिस) ऐवजी ई११.२२ (डायबेटिसमुळे सीकेडी). पण सीकेडीची स्टेज तुम्ही ईजीएफआर (किडनी किती चालते त्याचा रिपोर्टमधला आकडा) बघून ठरवायची नाही, ती डॉक्टरांनीच लिहायला हवी. मेडिकेअरचा पैसा आहे. उद्या ऑडिटला चार्ट मागितला तर त्यात ते सापडलं पाहिजे.
लाल यादी कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे वगळण्याचे कोड, म्हणजे या पेशंटला ही तपासणी लागूच नाही असं सांगणारे. दोन्ही स्तन काढलेल्या बाईला मॅमोग्रामसाठी दर वर्षी फोन जातो, कारण झेड९०.१३ कोणी टाकत नाही. गर्भाशय मुखासकट काढलं असेल तर झेड९०.७१०.

एडिसनकर_अनघा
वा! एवढं कोणी एका जागी सांगितलं नव्हतं. दोन शंका. जे क्लेम आधीच पेड झालेत, त्यांचं काय? आणि डोळ्यांची तपासणी आम्ही करतच नाही, तरी तो गॅप आमच्याच नावावर का?

खराडीचा_कोडर
पेड क्लेम नव्याने पाठवू नका, डुप्लिकेट म्हणून परत येईल. करेक्टेड क्लेम म्हणून पाठवा: फ्रीक्वेन्सी कोड ७, सोबत मूळ क्लेमचा नंबर, आणि जुन्या ओळी सगळ्या तशाच ठेवून नवीन ओळ जोडायची. फक्त नवी ओळ पाठवली तर मूळ क्लेम त्याने बदलला जातो आणि दिलेले पैसे परत घेतात. मुदत प्रत्येक प्लॅनची वेगळी. काही प्लॅन हे 'सप्लिमेंटल डेटा' म्हणून फाइलमध्येही घेतात, ते त्या बाईंना विचारा.
डोळ्यांचं म्हणाल तर पेशंट तुमच्या नावावर, म्हणून गॅपही तुमचा. आय डॉक्टरांचं पत्र मागवून वाचा. रेटिनोपॅथी (डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा) असेल तर २०२२एफ, नसेल तर २०२३एफ. गेल्या वर्षीच्या तपासणीत नव्हती असं पत्रात असेल तर यंदा ३०७२एफ चालतो.

सदाशिव_पेठी
क्लासवर पैसे घालू नका एवढ्यात. प्लॅनच्या प्रोव्हायडर पोर्टलवर हेडिसची टिप शीट फुकट असते, चालू वर्षाचीच उतरवा. सीपीसी परीक्षेचा (कोडरच्या सर्टिफिकेटच्या) विचार असेल तर वेगळा धागा काढा, तिथे आम्ही भांडू.

एडिसनकर_अनघा
३०४५एफ आमच्या फेव्हरिट्समध्ये आहे! दोनदा आहे. आधी तो उडवते, मग क्लिअरिंग हाऊसला फोन.