विंडोज ९८ वरून विंडोज ११ कडे फायली: एफटीपी बरं

जळगावच्या प्रेसमधल्या विंडोज ९८ वर विंडोज ११ चं शेअर फोल्डर दिसत नाही, म्हणून 'एसएमबी १ (विंडोजची फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा' असा सल्ला एकाने दिलाय. कृपया करू नका. ९८ ला फक्त तोच जुना प्रोटोकॉल कळतो हे खरं, पण २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच्याच भगदाडातून पसरला होता.

त्यापेक्षा एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी साधी पद्धत वापरा; त्यासाठी नव्या मशीनवर फाइलझिला सर्व्हर हा प्रोग्राम टाका. युजरला एकच फोल्डर द्या आणि साध्या एफटीपीलाही परवानगी द्या, कारण ९८ च्या एफटीपीला टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) जमत नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट २१ फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरतं उघडा. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून आत यायची वाट) अजिबात नको, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो.

९८ च्या डॉस प्रॉम्प्टवर 'एफटीपी' आणि नव्या मशीनचा आयपी द्या. लॉगिन झाल्यावर आधी 'बिन' (फायली जशाच्या तशा पाठवा) द्या. 'एफटीपी' आज्ञा मुळात आस्कीत, म्हणजे साध्या मजकुरासाठीच्या पद्धतीत सुरू होते, त्यात लग्नपत्रिकांच्या टिफ फायली बिघडू शकतात. मग 'प्रॉम्प्ट' देऊन प्रत्येक फायलीमागचा प्रश्न बंद करा आणि 'एमपुट' ने सगळ्या पाठवा.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींबरोबर जुने मराठी फॉन्टही न्या. ते युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसतात; फॉन्ट नसेल तर मजकुराजागी निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. उलट दिशेने पाठवताना फायलींची नावं रोमनच ठेवा, ९८ वर देवनागरी नावं टिकत नाहीत.